निरपराधास शिक्षा आणि अभियोक्त्याचे उत्तरदायित्व

फौजदारी न्यायव्यवस्थेची कार्यक्षमता दोषसिद्धीच्या प्रमाणावरून मोजण्याची पद्धत रूढ आहे. किती खटले दाखल झाले, त्यांपैकी किती खटल्यांत शिक्षा झाली, यावरून राज्याराज्यांची तुलना होते. गुन्हेगार सुटू नये ही समाजाची अपेक्षा रास्तच आहे. तथापि, शिक्षा झालेली व्यक्ती निरपराध होती असे अनेक वर्षांनी निष्पन्न झाले, तर तो खटला कोणत्या रकान्यात मांडावयाचा, या प्रश्नाचे उत्तर ही आकडेवारी देत नाही. अशा खटल्यात दुहेरी अन्याय होतो. निरपराध माणूस आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात घालवतो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 2003 मध्ये घडलेल्या दरोडा, खून व बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातींतील सहा गरीब मजुरांना अटक झाली होती. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व सहा जणांना फाशी ठोठावली. फेरविचारात हा निर्णय 2018 मध्ये मागे घेण्यात आला आणि अपिलांची नव्याने सुनावणी होऊन सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. तोपर्यंत सुमारे सोळा वर्षे उलटली होती. घटनेतून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांवरून वेगळ्याच चार व्यक्तींना ओळखले होते. त्या दिशेने तपास मात्र झाला नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनास देण्यात आला. चुकीस जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करण्याचेही निर्देश देण्यात आले.

तपास सदोष होता हे मान्य केले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. तपासाची कागदपत्रे न्यायालयापुढे मांडणारा, साक्षीदार तपासणारा आणि अखेरीस फाशीची मागणी करणारा अधिकारी पोलीस नसतो. तो सरकारी अभियोक्ता असतो. निरपराधास शिक्षा झाल्यास त्याचे उत्तरदायित्व काय, हा या लेखाचा विषय आहे.

अभियोक्ता: शासनाचा वकील की न्यायालयाचा अधिकारी?

गुन्हा हा केवळ पीडित व्यक्तीविरुद्धचा अपराध नसून समाजाविरुद्धचा अपराध आहे, हे आधुनिक फौजदारी कायद्याचे मूलतत्त्व होय. त्यामुळे खटला राज्याच्या नावाने चालतो. सत्र न्यायालयातील प्रत्येक खटला सरकारी अभियोक्त्यानेच चालवावा, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 225 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 248 मध्ये ती कायम आहे. अभियोक्त्यांच्या नेमणुकीची तरतूद जुन्या संहितेच्या कलम 24 व 25 मध्ये होती. ती आता कलम 18 व 19 मध्ये आहे.

राज्याच्या वतीने उभा राहणारा हा वकील सामान्य अर्थाने पक्षकाराचा वकील नसतो. खाजगी वकिलाचे कर्तव्य अशिलाची बाजू जिंकून देण्याचे असते. अभियोक्त्याचे कर्तव्य सत्य न्यायालयापुढे आणण्याचे असते, मग ते सत्य आरोपीच्या बाजूचे असले तरीही. 1999 मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली. वस्तुस्थिती काहीही असो, कसेही करून शिक्षा मिळवावी अशी आसक्ती अभियोक्त्याने दाखवू नये, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आरोपीस लाभदायक ठरणारा मुद्दा बचाव पक्षाच्या वकिलाकडून निसटला, तर तो न्यायालयाच्या निदर्शनास आणणे हेही अभियोक्त्याचे काम मानले गेले.

याच तत्त्वाची दुसरी बाजू बेस्ट बेकरी प्रकरणात दिसून आली. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील या खटल्याची फेरसुनावणी महाराष्ट्रात घेण्याचा आदेश दिला, तेव्हा अभियोक्त्याने बचाव पक्षाच्या वकिलाप्रमाणे वर्तन केल्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. अभियोक्ता आरोपीच्या बाजूने झुकला तर पीडितांवर अन्याय होतो आणि शिक्षेच्या हव्यासाने एकांगी झाला तर निरपराधावर. दोन्ही प्रकारांत त्याच्या निःपक्षपातीपणाचाच बळी जातो.

पोलीस आणि अभियोग यांची फारकत

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांतील खटले पोलीस अधिकारीच चालवीत असत. ज्याने तपास केला त्याच्याच खात्याने तो न्यायालयात मांडावयाचा, या व्यवस्थेत तपासातील उणिवांवर अंकुश राहणे कठीण होते. अभियोग यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करावी, अशी शिफारस विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात केली. 1973 च्या संहितेने ती स्वीकारली. तरीही अंमलबजावणी रेंगाळली. 1995 मध्ये महाराष्ट्रातील सहायक सरकारी अभियोक्त्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या नियंत्रणाबाहेर स्वतंत्र अभियोग संवर्ग निर्माण करण्याचे निर्देश राज्य शासनास दिले. 2005 च्या दुरुस्तीने कलम 25-अ समाविष्ट होऊन राज्यांना अभियोग संचालनालय स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला.

नव्या संहितेच्या कलम 20 मध्ये या संचालनालयाची रचना अधिक स्पष्ट झाली आहे. जिल्हा पातळीवरही अभियोग संचालनालयाची तरतूद आहे. दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंड असलेल्या गुन्ह्यांच्या खटल्यांवर संचालकाने देखरेख ठेवावयाची आहे. सात ते दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे खटले उपसंचालकाकडे, तर त्याहून कमी शिक्षेचे सहायक संचालकाकडे सोपवलेले आहेत. मात्र संचालक राज्याच्या गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली असतो आणि पोलीस खातेही त्याच विभागाखाली येते. त्यामुळे संघटनात्मक फारकत झाली असली, तरी ती पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

या फारकतीचा एक परिणाम उत्तरदायित्वाच्या प्रश्नावर होतो. तपास आणि अभियोग हे दोन वेगळे टप्पे असून आरोपपत्र दाखल करण्यापूर्वी अभियोक्त्याचे मत घेण्याची सक्ती तपास अधिकाऱ्यावर करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिला. म्हणजे भारतीय अभियोक्ता अमेरिकेतील अभियोक्त्याप्रमाणे कोणावर खटला भरावयाचा हे ठरवीत नाही. तयार झालेले प्रकरण त्याच्या हाती येते. परिणामी चूक उघड झाल्यावर पोलीस म्हणतात की न्यायालयाने पुरावा मान्य केला होता, आणि अभियोक्ता म्हणतो की पोलिसांनी दिले तेच मांडले. जबाबदारी दोघांमध्ये विभागली जाते आणि प्रत्यक्षात कोणावरच निश्चित होत नाही.

चूक कोठे होते?

अभियोक्त्याचा निर्णयाधिकार मर्यादित असला, तरी शून्य नाही. जामिनास विरोध करावयाचा की नाही, आरोप कोणत्या कलमांखाली निश्चित करण्याची मागणी करावयाची, कोणते साक्षीदार तपासावयाचे आणि कोणते वगळावयाचे, शिक्षा किती मागावयाची, अपील करावे की नाही, या प्रत्येक टप्प्यावर त्याचे मत निर्णायक ठरते. पुरावा अपुरा असल्याची खात्री झाल्यास न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेण्याचा अधिकारही त्याला आहे. जुन्या संहितेच्या कलम 321 मधील हा अधिकार आता कलम 360 मध्ये आहे. तो वापरताना अभियोक्त्याने स्वतंत्र बुद्धीने विचार करावा, केवळ शासनाचा आदेश पुढे पाठवू नये, अशी अपेक्षा आहे.

चुकीच्या दोषसिद्धीकडे नेणाऱ्या वर्तनाचे ढोबळमानाने तीन स्तर करता येतात. पहिला स्तर प्रामाणिक चुकीचा. साक्षीदाराने चुकीची ओळख पटवली आणि अभियोक्त्यास शंका घेण्यास कारण नव्हते, असे घडू शकते. दुसरा स्तर निष्काळजीपणाचा. प्रकरणाचा अभ्यास न करणे, कागदपत्रांतील विसंगती न तपासणे, प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रतीक्षा न करणे हे प्रकार त्यात येतात. तिसरा स्तर हेतुपुरस्सर गैरवर्तनाचा. आरोपीस अनुकूल असलेला पुरावा दडवणे, साक्ष खोटी आहे हे ठाऊक असूनही ती मांडणे हे त्याचे स्वरूप होय. तिन्हींना एकच माप लावणे अन्यायाचे ठरेल, परंतु तिन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करणे हेही तितकेच अन्यायकारक आहे.

यांपैकी अनुकूल पुरावा दडवण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, कारण बचाव पक्षास त्याचा पत्ताच लागत नाही. आरोपपत्रासोबत अभियोग पक्ष ज्यांवर भिस्त ठेवतो त्या कागदपत्रांच्या प्रती आरोपीस मिळतात. ज्यांवर भिस्त ठेवलेली नाही त्या कागदपत्रांचे काय? 2010 मध्ये जेसिका लाल खून प्रकरणाच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अभियोक्त्याच्या माहिती उघड करण्याच्या कर्तव्याची व्याप्ती मोठी असल्याचे सांगितले. 20 एप्रिल 2021 रोजी फौजदारी खटल्यांतील उणिवांविषयी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात न्यायालयाने आदर्श नियमांचा मसुदा मंजूर केला. तपासात जप्त झालेल्या पण अभियोग पक्षाने आधार न घेतलेल्या वस्तू व कागदपत्रांची यादीही आरोपीस द्यावी, असे त्यात नमूद आहे. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे हे आरोपीस कळले, तरच तो ती मागू शकतो, हे त्यामागील साधे तर्कशास्त्र आहे.

उपलब्ध उपाय आणि त्यांच्या मर्यादा

निर्दोष सुटलेल्या व्यक्तीस आज तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग सार्वजनिक कायद्याचा. संविधानाच्या अनुच्छेद 32 व 226 खाली सर्वोच्च व उच्च न्यायालये मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल भरपाई देऊ शकतात. 1965 च्या कस्तुरीलाल खटल्यात राज्याच्या सार्वभौम कार्यातील चुकीबद्दल भरपाई नाकारण्यात आली होती. 1983 मध्ये रुदल शाह विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने वेगळी वाट चोखाळली. 1968 मध्ये निर्दोष सुटूनही 1982 पर्यंत तुरुंगात ठेवलेल्या व्यक्तीस, आधी मिळालेले 5,000 रुपये धरून, एकूण 35,000 रुपये देण्यात आले. रक्कम अल्प असली, तरी अनुच्छेद 21 च्या भंगाबद्दल राज्यास भरपाई द्यावी लागते हे तत्त्व प्रस्थापित झाले. 1993 च्या नीलाबती बेहेरा प्रकरणाने ते अधिक दृढ केले.

या मार्गाची मर्यादा अशी की भरपाई न्यायालयाच्या स्वेच्छाधिकारावर अवलंबून राहते. अवकाश शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 1994 मध्ये हेरगिरीच्या निराधार आरोपाखाली अटक होऊन 50 दिवस कोठडीत काढावे लागले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 50 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. वर उल्लेखिलेल्या सहा मजुरांना सोळा वर्षांच्या कारावासाबद्दल प्रत्येकी 5 लाख रुपये मिळाले. दोन्ही आदेश आपापल्या परिस्थितीत योग्य असतीलही, पण भरपाई ठरवण्याचे निश्चित निकष नाहीत हे या तुलनेतून स्पष्ट होते. निर्दोष सुटलेल्या बहुसंख्य व्यक्तींना तर काहीच मिळत नाही.

दुसरा मार्ग दिवाणी कायद्याचा. द्वेषमूलक खटल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा करता येतो. त्यासाठी प्रतिवादीने खटला चालवला, तो वादीच्या बाजूने संपला, त्यास वाजवी व संभाव्य कारण नव्हते, त्यामागे द्वेषबुद्धी होती आणि वादीचे नुकसान झाले, या पाचही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. मुदत कायदा, 1963 नुसार दावा एका वर्षात दाखल व्हावा लागतो. तुरुंगातून नुकत्याच बाहेर आलेल्या, घर आणि रोजगार गमावलेल्या माणसाने वर्षभरात वकील, पुरावे आणि न्यायालयीन शुल्क उभे करावे, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

तिसरा मार्ग फौजदारी कायद्याचा. मृत्युदंडाच्या गुन्ह्यात दोषसिद्धी व्हावी म्हणून खोटा पुरावा देणे वा रचणे यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 230 नुसार जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्यामुळे निरपराधास फाशी झाल्यास खोटा पुरावा देणाऱ्यास मृत्युदंडही होऊ शकतो. खोट्या आरोपासाठी कलम 248, लोकसेवकाने खोटा अभिलेख तयार करण्यासाठी कलम 256 आणि कायद्याविरुद्ध आहे हे ठाऊक असूनही एखाद्यास खटल्यासाठी वा बंदिवासासाठी पाठवण्याबद्दल कलम 258 आहे. या तरतुदी कठोर आहेत. परंतु त्यांत हेतू वा जाणीव सिद्ध करावी लागते. शिवाय लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल अनेक प्रकरणांत शासनाची पूर्वमंजुरी आवश्यक असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 मध्ये अशा मंजुरीसाठी 120 दिवसांची कालमर्यादा घातली आहे, ही स्वागतार्ह सुधारणा होय.

संहितेत भरपाईच्या दोन छोट्या तरतुदीही आहेत. कलम 273 खाली वाजवी कारणाविना केलेल्या आरोपाबद्दल आणि कलम 399 खाली निराधार अटकेबद्दल भरपाई मिळू शकते. पण या तरतुदींचा रोख तक्रारदार वा अटक घडवून आणणाऱ्या व्यक्तीवर आहे, अभियोक्त्यावर नाही. कलम 399 मधील कमाल रक्कम तर केवळ 1,000 रुपये आहे.

अभियोक्त्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचे मार्गही विभागलेले आहेत. नियमित सेवेतील सहायक अभियोक्त्यास सेवानियम लागू होतात. सत्र न्यायालयातील अभियोक्ते बहुधा मुदतीने नेमलेले वकील असतात. त्यांच्याविरुद्ध अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली राज्य वकील परिषदेकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते. खटला संपेपर्यंत अभियोक्त्याची मुदत संपलेली असते आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो अनेकदा निवृत्तही झालेला असतो. 2019 च्या निर्णयातील कारवाईचे निर्देशही, संबंधित अधिकारी सेवेत असतील तर, या मर्यादेतच अमलात येऊ शकणारे होते.

किशनभाई निर्णयातील चौकट

व्यवस्थात्मक उत्तरदायित्वाचा सर्वांत ठोस आराखडा गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात 7 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मांडला. एका लहान मुलीच्या हत्येच्या या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी दिली होती, उच्च न्यायालयाने मुक्तता केली आणि तपास व अभियोग यांतील असंख्य त्रुटींमुळे सर्वोच्च न्यायालयास ती मुक्तता कायम ठेवावी लागली. प्रत्येक मुक्तता हे न्यायदान व्यवस्थेचे अपयश समजावे, कारण त्यात एक तर गुन्हेगार सुटला असतो किंवा निरपराधास नाहक खटला सोसावा लागलेला असतो, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या निर्णयाने प्रत्येक राज्याच्या गृह विभागास काही निर्देश दिले. तपास पूर्ण झाल्यावर अभियोग यंत्रणेने स्वतंत्र बुद्धीने प्रकरण तपासून उणिवा दूर करून घ्याव्यात. प्रत्येक मुक्ततेच्या निकालाची छाननी पोलीस व अभियोग विभागांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीने करावी. अपयशास जबाबदार अधिकारी निश्चित करून त्याची चूक निर्दोष होती की दोषास्पद, हे ठरवावे. दोषास्पद चुकीबद्दल विभागीय कारवाई व्हावी. या छाननीतून मिळालेले धडे प्रशिक्षणात समाविष्ट करावेत. या निर्णयाचे वैशिष्ट्य असे की त्याने व्यक्तीची जबाबदारी आणि संस्थेचे शिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या.

विधी आयोगाचा 277 वा अहवाल

30 नोव्हेंबर 2017 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने चुकीच्या खटल्यांबाबत भरपाईचा कायदा नसल्याकडे लक्ष वेधून विधी आयोगास या प्रश्नाचा सर्वंकष अभ्यास करण्याची विनंती केली. न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल सादर केला. द्वेषमूलक खटला किंवा सद्भावाविना दाखल केलेला खटला, जो आरोपीच्या बाजूने संपला आहे, अशी चुकीच्या खटल्याची व्याख्या आयोगाने सुचवली. खोटा अभिलेख तयार करणे, खोटा पुरावा देणे व रचणे, आरोपीस अनुकूल पुरावा दडवणे आदी कृत्ये त्यात येतात.

भरपाईच्या दाव्यांसाठी जिल्हा पातळीवर विशेष न्यायालये असावीत, त्यांचे कामकाज संक्षिप्त पद्धतीने चालावे आणि भरपाई प्रथम राज्याने द्यावी, अशा आयोगाच्या शिफारशी आहेत. दोषी अधिकाऱ्याकडून ती रक्कम वसूल करण्याची मुभा राज्यास राहील. गुन्ह्याचे व शिक्षेचे गांभीर्य, कारावासाचा कालावधी, आरोग्य व प्रतिष्ठेची हानी, गमावलेल्या संधी यांचा विचार करून रक्कम ठरवावी. पैशाखेरीज समुपदेशन व व्यवसाय कौशल्याचे प्रशिक्षण यांसारखी मदतही द्यावी. यासाठी संहितेत नवे प्रकरण घालणाऱ्या विधेयकाचा मसुदाही आयोगाने जोडला होता. तथापि, 2023 मध्ये संमत झालेल्या नव्या संहितेत या प्रकरणाचा समावेश झालेला नाही. जुलै 2025 मध्ये मृत्युदंडाच्या एका कैद्याची मुक्तता करताना सर्वोच्च न्यायालयाने भरपाईच्या कायद्याचा विचार संसदेने करावा, असे पुन्हा सूचित केले.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रत्येक निर्दोष मुक्तता म्हणजे चुकीचा खटला नव्हे. साक्षीदार फुटल्याने वा संशयाचा फायदा मिळाल्यानेही मुक्तता होते. म्हणूनच आयोगाने भरपाईसाठी केवळ मुक्तता पुरेशी न मानता गैरवर्तनाची अट घातली. यावर टीका अशी होते की निरपराध माणसाचे नुकसान अधिकाऱ्याच्या हेतूनुसार कमीअधिक होत नाही. प्रामाणिक चुकीमुळे दहा वर्षे तुरुंगात गेलेल्या माणसास या अटीमुळे काहीच मिळणार नाही.

इतर देशांचा अनुभव

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद 14(6) नुसार न्यायाची विटंबना झाल्याचे नव्या वस्तुस्थितीवरून सिद्ध झाल्यास शिक्षा भोगलेल्या व्यक्तीस कायद्यानुसार भरपाई द्यावयाची असते. भारत 1979 मध्ये या करारात सामील झाला. बेकायदा अटकेच्या भरपाईविषयीच्या अनुच्छेद 9(5) बाबत मात्र भारताने आपली मर्यादा नोंदवली. 1990 मध्ये हवाना येथील परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी अभियोक्त्यांच्या भूमिकेविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. निःपक्षपाती तपासातून आरोप निराधार ठरल्यास खटला पुढे नेऊ नये, असे त्यांत सांगितले आहे.

अमेरिकेत 1963 च्या ब्रेडी निर्णयाने आरोपीस अनुकूल पुरावा देणे अभियोक्त्यावर बंधनकारक केले. परंतु 1976 च्या इम्बलर निर्णयाने खटला चालवण्याच्या कामाबद्दल अभियोक्त्यास दिवाणी दाव्यापासून पूर्ण संरक्षण दिले. कर्तव्य आहे पण भंगाची किंमत नाही, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली. टेक्सासमध्ये पत्नीच्या खुनाबद्दल 1987 मध्ये शिक्षा झालेले मायकेल मॉर्टन जवळजवळ 25 वर्षांनी, 2011 मध्ये डीएनए चाचणीमुळे सुटले. अनुकूल पुरावा दडवल्याबद्दल 2013 मध्ये तत्कालीन अभियोक्त्यास दहा दिवसांचा कारावास झाला आणि वकिलीची सनद सोडावी लागली. हा अभियोक्ता मधल्या काळात न्यायाधीश झाला होता. त्याच वर्षी टेक्सासने अभियोग पक्षाच्या कागदपत्रांची दारे बचाव पक्षास खुली करणारा कायदा केला. एका अभियोक्त्यास झालेल्या दहा दिवसांच्या शिक्षेपेक्षा हा कायदा अधिक दूरगामी ठरला.

ब्रिटनमध्ये 1997 पासून चुकीच्या दोषसिद्धींची छाननी करणारा स्वतंत्र आयोग कार्यरत आहे. तरीही टपाल खात्याच्या सदोष संगणक प्रणालीच्या आधारे 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक उपटपालचालकांना चोरी व अफरातफरीबद्दल शिक्षा झाल्या. त्यांपैकी बहुतेक खटले टपाल कंपनीनेच चालवले होते. अखेर 2024 मध्ये संसदेस कायदा करून या दोषसिद्धी रद्द कराव्या लागल्या. फिर्यादी आणि अभियोक्ता एकच असल्यास काय होते, याचा हा धडा आहे.

स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यांचा तोल

अभियोक्त्यावर वैयक्तिक दायित्व टाकण्यास एक गंभीर आक्षेप घेतला जातो. प्रत्येक पराभवानंतर दाव्याची टांगती तलवार असेल, तर अभियोक्ता कठीण खटले टाळेल, प्रभावशाली आरोपींविरुद्ध उभा राहण्यास कचरेल आणि पीडितांचेच नुकसान होईल. हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष संपूर्ण संरक्षणाचा नसून श्रेणीबद्ध उत्तरदायित्वाचा आहे. प्रामाणिक चुकीची भरपाई राज्याने करावी, अधिकाऱ्याने नव्हे. निष्काळजीपणाबद्दल विभागीय कारवाई व्हावी. पुरावा दडवणे व खोटा पुरावा मांडणे यांबद्दल सनद, सेवा आणि स्वातंत्र्य या तिन्हींवर परिणाम व्हावा. निरपराधाची भरपाई मात्र या तिन्ही श्रेणींवर अवलंबून नसावी.

प्रतिबंधाचा विचार याहून महत्त्वाचा आहे. आधार न घेतलेल्या पुराव्याची यादी देण्याचा नियम सर्व राज्यांत काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. अभियोक्त्यांच्या नेमणुका व मुदतवाढ गुणवत्तेवर व्हाव्यात. दोषसिद्धीचे प्रमाण हा मूल्यमापनाचा एकमेव निकष असू नये. कमकुवत खटला वेळीच मागे घेणारा अभियोक्ताही कर्तव्यदक्ष मानला जावा. ई-अभियोग प्रणालीत प्रत्येक प्रकरणातील अभियोक्त्याचे मत लेखी नोंदवले गेल्यास पुढे जबाबदारी निश्चित करणे सोपे होईल. 2022 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सुरू केलेल्या विधी साहाय्य बचाव वकील योजनेसारखे उपक्रम सक्षम झाल्यास अभियोग पक्षाच्या चुका खटल्यातच पकडल्या जातील.

2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302, म्हणजे सुमारे 76 टक्के, न्यायाधीन बंदी होते. ते सर्व निरपराध आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण कायद्याच्या दृष्टीने दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निरपराधच असतो. यांच्यापैकी प्रत्येकाच्या खटल्यात राज्याच्या वतीने एक अभियोक्ता उभा राहणार आहे. पुरावा पुरेसा नाही, ही व्यक्ती गुन्हेगार असल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयास सांगण्याचे धैर्य त्याच्यात असेल आणि ते सांगितल्याबद्दल त्याची पदोन्नती अडणार नाही, तर अनेक चुकीच्या दोषसिद्धी घडण्यापूर्वीच टळतील. उत्तरदायित्वाचा कायदा हवा तो प्रामुख्याने यासाठीच.